होडी नसलेला किनारा

"बघा, अख्ख्या फोटोत एकसुद्धा होडी नाही. याला म्हणतात स्वच्छ किनारा!"

भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर विनय, टीव्हीसमोर उभे होते. मोबाइलमधलं रिसॉर्ट त्यांनी आमच्या सोलापूरच्या हॉलमधल्या भल्यामोठ्या पडद्यावर आणलं होतं. निळा स्विमिंग पूल, पूलाच्या पलीकडे निळा समुद्र, मध्ये पांढऱ्या छत्र्या. समोर सोफ्यावर सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या. जानेवारीत त्यांना पासष्ट पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त सगळ्या वैरागकरांनी मिळून समुद्रावर जायचं ठरलं होतं. सगळे म्हणजे त्या, आम्ही दोन जोडपी आणि चार चिल्लीपिल्ली. भाऊजी आणि मृणालताईंची पाच वर्षांची जुळी, वेद आणि वरद. माझी सहा वर्षांची ईरा आणि तीन वर्षांचा तनय.

"किड्स क्लब आहे. लहान मुलांना वेगळा पूल. खोलीतून उतरलं की थेट वाळू," भाऊजी पुढे म्हणाले आणि मग सासूबाईंकडे वळले. "आणि मुख्य म्हणजे शुद्ध शाकाहारी. आवारात अंडंसुद्धा आणू देत नाहीत. पंधरा दिवस शोधत होतो मी."

"मग झालंच की!" सासूबाई म्हणाल्या. "अजून काय बघायचं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तो किनारा मी ओळखला होता. मी जन्मलेच त्या गावात. मालवणच्या खाली, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशी एक जमिनीची पट्टी गेलेली आहे. तिच्या अगदी टोकाला हे नवं रिसॉर्ट उभं राहिलं होतं, नाव 'सत्त्वसागर'. तिथून वाळूने सरळ चालत आलं की तांडेलांचं घर. माझं माहेर.

"भाऊजी, तो किनारा मुलांसाठी बरा नाही," मी म्हणाले. "खाडीचं तोंड आहे तिथे. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. होड्या नाहीत त्या म्हणूनच. आमची माणसं जिथे होडी लावत नाहीत, तिथे पोरांनी कशाला पाण्यात जायचं?"

"मग बरा कुठला?" मृणालताईंनी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं. मीही खरंच सांगून बसले.

"आमच्या घरासमोरचा. तिथे रापण ओढतात. किनाऱ्यावर उभं राहून मोठं जाळं ओढायचं असतं, त्यामुळे खाली नुसती वाळू लागते, खडक नाही, खड्डा नाही. तनयच्या गळ्यापर्यंत पाणी यायला सुद्धा बरंच आत जावं लागतं. त्या बाजूला दोन-तीन चांगली रिसॉर्टं आहेत."

 मग भाऊजी हसले.

"दर्शना, तुझं माहेर तिथे आहे हे आम्हाला माहीत आहे गं. जाऊन ये की एक दिवस. कोण नको म्हणतंय? पण मुलांच्या नावावर कशाला?"

सगळे हसले. माझा नवरा शिरीषही हसला. तो वाईट माणूस नाही. त्याला भांडण आवडत नाही, एवढंच. पण भांडण न आवडणाऱ्या माणसाच्या वाटचं भांडण त्याच्या बायकोला करावं लागतं आणि मग बायको भांडखोर ठरते.

"आणि त्या बाजूला वास असतो ना," सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मुलांना मळमळायचं."

तो वास नऊ वर्षं माझ्या डोक्यात जात होता. लग्न ठरलं तेव्हा याच सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे वेगळी भांडी असली तर जेवायला आमची काही हरकत नाही हो." मी माझ्या आईला आये म्हणते. आयेने ते वाक्य गाठीला बांधलं. दुसऱ्याच दिवशी मालवणच्या बाजारात जाऊन तिने नवी भांडी आणली. ताटं, वाट्या, पेले, दोन पातेली. आमच्याकडे मासा नसलेल्या जेवणाला शिवराक म्हणतात. ही शिवराकची भांडी. त्यांना माशाचा हात लागू नये म्हणून तिने ती जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली. आम्ही येणार असं कळलं की ती खाली काढायची, चिंचेने घासायची, उन्हात वाळवायची. आणि सासरच्या माणसांना दर वेळी काहीतरी निघायचं. कधी उपास, कधी पोट बरं नाही, कधी रस्ता लांबचा आहे, निघायला हवं.

त्यांना चालायचं फक्त शहाळं. शहाळ्याला भांडं लागत नाही.

शिरीषसुद्धा नऊ वर्षं तेवढंच प्यायला. पाण्याची बाटली तो गाडीतून घेऊन उतरायचा. मुलांना मी सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणायची आणि त्यांचा डबा सासूबाई स्वतः बांधून द्यायच्या. माझी पोरं एकदाही आजीच्या हातचं जेवली नव्हती. मी काही बोलले की शिरीष म्हणायचा, "हळूहळू होईल." आये पण हेच म्हणायची. माझंच एकटीचं डोकं गरम, असा दोन्ही घरांचा समज होता.

'सत्त्वसागर'चं बुकिंग झालं.

रिसॉर्ट छानच होतं, खोटं कशाला बोलू? गेल्या गेल्या गळ्यात अबोलीच्या माळा, हातात कोकम सरबत. पलंग एवढा मोठा की तनय त्याच्यावर हरवला. जेवायला सत्तर प्रकार. किड्स क्लबमध्ये मुलांना रंगवायला कागद दिले, त्यावर माशांची चित्रं होती. मी एकटीच हसले. फक्त समुद्राकडे उतरायच्या पायऱ्यांशी एक लाल निशाण रोवलेलं होतं आणि ते पहिल्या दिवशी दिवसभर काही खाली आलं नाही.

मुलांना ना पूल हवा होता ना रंगकाम. "समुद्रात कधी जायचं?" एवढंच टुमणं. सोलापूरहून दहा तास ओकत आलेली पोरं, समुद्र डोळ्यांसमोर आणि पाय मात्र कोरडे.

"माझ्याबरोबर चला ना तिकडे," मी रात्री जेवताना शिरीषला म्हणाले. "आमच्या घरासमोर मनसोक्त खेळतील."

"आईचा वाढदिवस आहे गं. दोन दिवस सगळे एकत्र राहू. जाताना भेटू की तासभर."

"तासभर शहाळं प्यायला?"

"हळू बोल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी तनयला अंघोळ घालून खोलीच्या व्हरांड्यात त्याचं डोकं पुसत होते. समोर बघितलं तर पायऱ्यांच्या खाली, लाल निशाणाच्या पलीकडे, भाऊजी पाण्यात उभे. एका हाताला ईरा, दुसऱ्या हाताला वेद. वरद पुढे, कमरेला फुगवलेलं गुलाबी चाक. शिरीष कोरड्या वाळूवर उभा राहून व्हिडिओ काढत होता. सासूबाई आणि मृणालताई छत्रीखाली.

मी पाण्याकडे बघितलं. खाडीचं गढूळ पाणी पट्टा धरून बाहेर निघालं होतं. ओहोटी नुकतीच लागली होती. लाट येत होती छोटीशीच, कुणालाही आवडावी अशी. परत जाताना मात्र पायाखालची वाळू घेऊन जात होती.

तनयला मी व्हरांड्यातच सोडलं आणि धावले. "भाऊजी, बाहेर या! मुलांना बाहेर काढा!"

त्यांनी मागे वळून हात हलवला. "अगं, गुडघाभर पाणी आहे! ते निशाण आपलं नावाला असतं. उद्या काही झालं तर त्यांच्या अंगाशी यायला नको म्हणून लावतात!"

आणि ते एक पाऊल अजून आत गेले. ईराच्या छातीला पाणी लागलं. त्या क्षणाला माझ्या तोंडून सोलापूर गेलं, बँकेतली नोकरी गेली, नऊ वर्षांचं अहो-जाहो गेलं.

"रे मेल्या, भायर हाड पोरांका!" मी किंचाळले. "सुकती लागली हा! दर्यो ओढून नेतलो! भायर हो, मेल्या, भायर हो!"

तसलं ओरडणं त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. भाऊजी जागच्या जागी थिजले. तेवढ्यात मी पाण्यात शिरले होते. वरदच्या दंडाला धरून हिसका मारला, तसं चाक त्याच्या कमरेतून निसटलं. ईराची वेणी हाताला लागली, वेणीला धरून तिला ओढलं. वेद भाऊजींच्या हातात होता. "चला!" म्हटलं, आणि ते आले. येताना दोनदा त्यांचा पाय घसरला.

वाळूवर आल्यावर वरद रडायला लागला. "माझं चाक!"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. गुलाबी चाक गढूळ पट्ट्यात सापडलं होतं. कुणीतरी दोरी बांधून ओढत असावं तसं ते सरळ बाहेर चाललं होतं. वरदचं रडणं थांबायच्या आत ते हाताच्या अंगठ्याएवढं दिसायला लागलं. मग लाटांत दिसेनासं झालं.

मृणालताईंनी वरदला छातीशी धरलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

बोलल्या सासूबाई. "काय म्हणालीस तू त्याला?"

"कुणाला?"

"मोठ्या दिराला मेल्या म्हणालीस. माझ्या वाढदिवसाला. माझ्या देखत."

"आई, ते चाक बघितलंत ना तुम्ही?"

"चाकाचं काय घेऊन बसलीस! मुलांना धरून उभा होता ना तो? बाप आहे तो त्यांचा. सांगायची काही रीत असते. ही कुठली भाषा? कोळणीसारखं ओरडायचं?"

"कोळणीसारखं नाही, आई. मी आहेच त्यांतली."

"तो वेटर बघत होता," भाऊजी म्हणाले. ते कंबरेपर्यंत भिजले होते, पण तोंडातून आलं ते हेच. "सगळ्या लोकांसमोर, शिरीष. मी हे ऐकून घेणार नाही."

"माफी माग त्याची," सासूबाई म्हणाल्या. "हात जोड आणि विषय संपव."

मी शिरीषकडे बघितलं. मोबाइल अजून त्याच्या हातात होता. त्याने सगळं बघितलं होतं, भिंगातून आणि भिंगाबाहेरूनही.

"दर्शना," तो हळूच म्हणाला, "नुसतं सॉरी म्हण ना."

माझ्या कानशिलात रक्त ठणठण वाजत होतं. व्हरांड्यातून तनयला उचलून कडेवर घेतलं, ओल्या ईराचा हात धरला आणि वाळूने उत्तरेकडे चालायला लागले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. रिसॉर्टची हद्द जिथे संपते तिथे एक दोरी लावली होती. ती ओलांडत होते तेवढ्यात मागून हाक आली.

मृणालताई धावत येत होत्या, दोन हातांना दोन पोरं. "यांना पण ने," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी नाही येत. आईंचं डोकं दुखायला लागलंय, मला बसायला हवं. पण यांना ने तू. खेळू दे कुठेतरी."

"भाऊजी रागावतील."

"रागावू देत," त्या म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

घरासमोर बाबा माडाखाली जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्यांनी चार पोरं बघितली, माझे भिजलेले कपडे बघितले. मग समुद्राकडे एक नजर टाकून म्हणाले, "जावा रे, खेळा. हय काय भिया नाय." आणि जाळं बाजूला ठेवून स्वतः पोटरीभर पाण्यात जाऊन उभे राहिले. चारही पोरं त्यांच्याभोवती धिंगाणा घालायला लागली. तनय तर पाण्यात फतकल मारून बसला. वास होताच. पलीकडे खारवलेले बांगडे वाळत होते. एकाही पोराला मळमळलं नाही.

आये दारात आली. "गो बाय, अशी कशी इलंस? आणि ही दोन कोणाची?"

"जावेची. जेवतली हयच."

तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. "जेवतली? खरा सांगतंस? थांब, भांडी काडतंय!" म्हणत ती शिडी लावून माळ्यावर चढलीसुद्धा. गुडघे दुखतात म्हणून एरवी पायरी न चढणारी बाई. लुगड्यात बांधलेलं गाठोडं तिने खाली आणलं आणि ओटीवर सोडलं. सगळी भांडी लखलखीत. एका पेल्याच्या बुडाला, इतकं घासूनही, दुकानदाराचा कागद अजून चिकटलेला होता.

ती पदराने ताटं पुसायला लागली. प्रत्येक ताट पुसून उजेडात धरून बघत होती, कुठे डाग राहिला का.

माझं डोकंच फिरलं. किनाऱ्यावर आलं नव्हतं एवढं रागाचं भरतं मला त्या क्षणी आलं. चुलीपाशी टोपलीत सकाळचे बांगडे साफ करून ठेवलेले होते. मी गाठोड्यातलं सगळ्यात मोठं पातेलं उचललं आणि त्यात बांगडे ओतले.

"अगो!" आये ओरडली. "ता शिवराकचा आसा!"

"माहीत आसा माका."

"सासूबाई काय म्हणतली? त्यांका कशात वाडू?"

"नऊ वर्सां कोण इला गो जेवक? सांग. एक तरी माणूस इलो?"

"येतले कधीतरी."

"येवचे नाय," मी म्हणाले. "त्यांका यायचा नाय, म्हणान त्यांनी भांडी मागलीहत. तुका कळला नाय, माकाय कळला नाय."

आये पाट्याजवळ उभी राहिली. बांगड्यांकडे बघत होती, पातेल्याकडे बघत होती. मी मिरची-हळद-खोबऱ्याचं वाटण पातेल्यात टाकलं, पाणी घातलं आणि पातेलं चुलीवर चढवलं.  मग आयेने फळीवरची तिरफळांची बरणी काढली आणि माझ्या बाजूला ठेवली.

"तिरफळां घाल," ती म्हणाली. "नायतर वशेळ वास येतलो."

पोरं जेवायला बसली ती आमच्या रोजच्या ताटांत. वेद आणि वरदला आयेने घावन आणि नारळाचा गोड रस दिला. दुसऱ्याची पोरं आहेत, त्यांच्या आईला न विचारता त्यांनी काय खायचं ते ठरवायला मी काही वैरागकर नाही. ईरा मात्र माझी. तिने माझ्या ताटातला मासा बघितला, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "मला पण."

मी काटे काढून देत होते तेवढ्यात अंगणात सावली आली. शिरीष. भर उन्हात वाळूतून चालत आला होता. चेहरा लालभडक, शर्ट पाठीला चिकटलेला. घाईत निघाला असणार, हातात बाटली नव्हती.

बाबा सवयीने उठले, कोयता घेतला. जावयासमोर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. "या, या. बसा. शहाळं काढतो."

"बाबा, कोयतो ठेवा," मी म्हणाले.

ते कोयता हातात धरून तसेच उभे राहिले. शिरीष उंबऱ्यात थांबला. त्याने ईराचं ताट बघितलं. मग चुलीवरचं पातेलं बघितलं. त्याला ते पातेलं माहीत होतं. आयेने दर खेपेला ते घासून त्याच्यासमोरून नेलेलं होतं.

"आई रडतेय," तो म्हणाला. "दादा गाडी काढायला सांगतोय. तू फक्त..."

"मी माफी मागणार नाही."

"अगं, पण..."

"तुझी मुलगी छातीभर पाण्यात होती, शिरीष. तू व्हिडिओ काढत होतास. घरी जाऊन बघ तो. चाक कुठवर गेलं ते बघ. आणि मग मला सांग, मी ते कुठल्या भाषेत सांगायला हवं होतं."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. बाहेर ऊन तापलं होतं. पोरं जेवायची थांबून आमच्याकडे बघत होती.

"पाणी मिळेल?" त्याने विचारलं.

आये लगबगीने गाठोड्याकडे वळली आणि तिने कागद चिकटलेला तो नवा पेला उचलला.

"आये, ठेव तो."

मी कळशीवरचा आमचा तांब्या घेतला. एका बाजूने चेपलेला, बाबा ज्याने पितात, आये पिते, आत्ताच ईरा प्यायली होती तो. भरला आणि त्याच्यापुढे धरला.

शिरीषने तांब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं आणि मला त्याची जराही दया आली नाही. माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली घेतला नाही.

त्याने तांब्या घेतला. वरून ओतून नाही, तोंड लावून प्यायला. घटाघट, शेवटच्या थेंबापर्यंत.

बाबांनी कोयता कोपऱ्यात टेकवून ठेवला. आणि आये चुलीपाशी मटकन खाली बसली, तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. जावयाने तिच्यावर केवढे उपकार केले होते! ते बघून माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला.

"रडाक काय झाला गो तुका?" मी तिच्यावर खेकसले. "पाणीच तर पिलो तो!"